घाईचा रंग पिस्ता

माझ्या आयुष्यात मी घाईघाईनं घेतलेला मोठा निर्णय एकच आहे आणि त्याचा रंग पिस्ता आहे. तो आमच्या संडासात सिमेंटनं पक्का बसवलेला असल्यामुळे आता फिरवताही येत नाही. पाहुणे आत जाऊन आले की म्हणतात, "वेगळाच आहे हो तुमचा कमोड." मी "हो" म्हणतो आणि विषय हवापाण्याकडे वळवतो.

एरवी माझा स्वभाव घाईचा नाही, हे मला ओळखणारा कोणीही शपथेवर सांगेल. मी पाणीपुरवठा कार्यालयात चौकशीच्या खिडकीत बसतो. दिवसभर माणसं धापा टाकत येतात आणि "जरा लवकर सांगा हो" म्हणत अर्धवट प्रश्न विचारतात. मी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. त्याला शिस्त म्हणतात. एकदा एक गृहस्थ सगळ्या खिडक्या फिरून लालबुंद होऊन परत आले आणि म्हणाले, "हा अर्ज इथं घेतच नाहीत, हे तुम्ही मघाशीच का नाही सांगितलंत?" मी शांतपणे म्हणालो, "तुम्ही विचारलं नाहीत." हे वाक्य पुढं माझ्याच मानगुटीवर बसणार आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

स्वतःच्या घरात मी असा बेसावध राहत नाही. घरी मिक्सर आणायचा ठरला तेव्हा मी इतकी कसून चौकशी केली की मधल्या काळात कंपनीनं तो मिक्सर बनवायचंच थांबवलं. बायको म्हणते, "अहो, घराला आग लागली तर तुम्ही आधी कुठला बंब चांगला ते चार लोकांना विचाराल." यात टोमणा आहे हे मला समजतं. पण बंबाबंबांत फरक असतो, हेही खरंच आहे.

तर आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते छान झालं. डॉक्टर म्हणाले, दोनएक आठवडे इथंच ठेवून व्यायाम करून घेऊ, मग घरी न्या. पण आता खाली उकिडवं बसायचं कायमचं बंद. घरात कमोड आहे ना?

नव्हता. आमचा संडास जुन्या पद्धतीचा, जमिनीत बसवलेला. आजवर कोणाची तक्रार नव्हती.

"मग प्रश्नच मिटला," फोनवर दादा म्हणाला. दादा माझा थोरला भाऊ. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीच्या उंच मजल्यावर राहतो. "आई माझ्याकडे येईल. माझ्याकडे तीन आहेत." माणसं तीन आणि कमोडही तीन, असा दादाचा संसार. सगळे सकाळी बाहेर पडतात ते दिवे लागल्यावर घरी येतात.

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिनं चादरीची घडी चार वेळा नीट केली. मग म्हणाली, "त्याच्याकडे सगळं आहे रे. फक्त दुपारी बोलायला भिंती आहेत." आणि पुढं म्हणाली, "मला आपल्या घरी यायचंय. जमेल ना तुला?"

माझ्या आईनं मला आजवर फारसं काही मागितलेलं नाही. मी म्हणालो, "आई, तू काळजीच करू नकोस. मी आजपासून चौकशीला लागतो."

आईच्या चेहऱ्यावर जी काळजी नव्हती ती तेव्हा उमटली. पण तिचा अर्थ मला फार उशिरा लागला.

चौकशीची सुरुवात शेजारच्या नानांपासून केली. आमचा संडास आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. पुढं ती भिंत महत्त्वाची ठरणार असल्यानं आत्ताच सांगून ठेवतो. नानांनी गेल्या वर्षीच कमोड बसवला होता आणि तो दाखवायला त्यांना कोणी मिळत नव्हतं.

"नुसतं बघून काय कळतं? बसून बघा," नाना म्हणाले.

"नको, नको."

"अहो, लाजताय काय? बूट घेताना पाय घालून बघता ना?"

मी कपड्यांनिशी बसलो. दार सताड उघडं. समोर नाना, त्यांच्यामागं नानांच्या मिसेस, हातात माझ्यासाठी चहाचा कप. "कसं वाटतंय?" नानांनी विचारलं. अशा प्रसंगी काय उत्तर द्यायची रीत आहे मला माहीत नाही. मी "ऐसपैस आहे" म्हणालो. मग खिशातली मोजपट्टी काढून उंची घेतली, आणि चहा मात्र बाहेर येऊन प्यालो.

बातमी जिन्यानं माझ्याआधी वर गेली. वरच्या मजल्यावरून निमंत्रण आलं, मग त्याच्या वरच्या. एकाचा उंच, एकाचा बुटका, एकाचं पाणी इतक्या जोरात आलं की मी दचकून उठलो. प्रत्येकजण आपला सोडून दुसऱ्याचा कसा वाईट ते सांगे. मी सगळं ऐकून घेत होतो. पाणी किती लागतं, झाकण कशाचं आहे, कड गोल की लांबट, पुसायला सोपं काय, यातलं कुठलंही अंग मी सोडलं नाही. मात्र आमच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत मी घरोघरी संडासात जाऊन येतो, एवढंच ज्यांना कळलं त्यांनी वेगळाच अर्थ काढला. लोक जिन्यात थांबवून हळू आवाजात विचारू लागले, "पोट काय म्हणतंय?" ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं माझ्या टेबलावर न बोलता एरंडेलाची बाटली ठेवली. माणसाची अब्रू किती नाजूक गोष्टींवर उभी असते याचा विचार करत मी ती खणात टाकली.

दरम्यान इमारतीच्या सचिवांकडे अर्ज द्यावा लागला. आमचे सचिव तरुण आहेत पण नियमांच्या बाबतीत म्हातारे आहेत. ते म्हणाले, जमीन फोडायची तर समितीची परवानगी हवी, सोबत नकाशा हवा आणि खाली राहणाऱ्यांची संमती हवी. मी नकाशा काढून दिला. दुसऱ्या दिवशी तो परत आला.

"उत्तर दिशा दाखवलेली नाही," सचिव म्हणाले.

"अहो, संडासाला उत्तर दिशा काय करायची?"

"नकाशाला लागते. आणि बघा, तुम्ही स्वतः खिडकीत बसणारे. तुम्हाला मी काय सांगावं?"

शेरास सव्वाशेर भेटतो तो हा असा. मी उत्तर दिशा काढली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे संमतीसाठी गेलो. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आईची रोजची दुपारची मैत्रीण. आईच्या ऑपरेशनपासून त्यांची दुपार जात नव्हती. त्यांनी संमतीचा कागद वाचला, लाल पेनानं दोन ठिकाणी सुधारला, सही केली आणि म्हणाल्या, "तुमची चौकशी संपेपर्यंत तुमच्या आईला दुसरं बाळंतपण होईल."

मी हसून सोडून दिलं. अजून भरपूर दिवस होते. घाई कशाची होती? माझ्या मनात आता दोनच नमुने उरले होते, आणि त्यांच्या झाकणांबद्दल एका जाणकाराचं मत यायचं बाकी होतं. रंग पांढराच घ्यायचा हे मात्र ठाम ठरलं होतं. बाकी सगळे रंग थिल्लर.

अशातच सकाळी ऑफिसात फोन आला. डॉक्टर बोलत होते.

"आई एकदम उत्तम आहेत. उद्या सोडतोय. तुमच्याकडे सगळी सोय झाली आहे म्हणे?"

आता, मी चौकशीच्या खिडकीत बसणारा माणूस. कोणीही "म्हणे" म्हटलं की "कोण म्हणे?" असं विचारणं हे माझं काम आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी "हो, हो, झाली आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. लगेच दुसरा वाजला.

"मला हॉस्पिटलमधून कळलं," दादा म्हणाला. "उद्या मी गाडी घेऊन जातो. तुझ्याकडे तयारी नसणारच. आईला इकडेच आणतो."

"तयारी आहे."

"कमोड बसला?"

"म्हणजे बसल्यातच जमा आहे."

"ठीक आहे. मी तिला घेऊन तुझ्याकडे येतो. नसला बसलेला, तर तिथून सरळ माझ्याकडे." दादा माझा सख्खा भाऊ आहे, त्याचा माझ्यावर जीव आहे, पण विश्वास नाही.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुकानाकडे पळालो. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना मी जन्मभर हसलो होतो. आता माझ्या हातात कुदळही नव्हती.

दुकानात शिरल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडली. एवढ्या दिवसांत जमवलेली सगळी माहिती डोक्यातून साफ पुसली गेली. कोणाचा उंच, कोणाचा बुटका, पाण्याचं काय, कडेचं काय, काही म्हणता काही आठवेना. समोर ओळीनं दोन डझन कमोड मांडलेले आणि सगळे आ वासून माझ्याकडे बघताहेत. माणसाला भरपूर वेळ असला की तो नको त्या गोष्टीही विचारतो, आणि वेळ नसला की हव्या त्याही विचारत नाही. मी फक्त एवढंच म्हणालो, "यातला उत्तम कुठला?"

"हा घ्या," दुकानदार म्हणाला. "याचं झाकण सोडा."

मी झाकण सोडलं. ते आपटलं नाही. झोप येत असल्यासारखं हळूहळू मिटलं. मी पुन्हा सोडलं. पुन्हा तसंच. अशा गडबडीच्या दिवशी एवढी शांत वस्तू बघून मला भरून आलं. मी तिसऱ्यांदा झाकण सोडलं आणि म्हणालो, "द्या."

कमोड घेऊन घरी आलो तर बायकोनं प्लंबर आणून उभा केला होता. या प्लंबरचं एकच ब्रीदवाक्य होतं, "होऊन जाईल." मी सगळं विचारणारा आणि हा काहीही न विचारणारा. मी त्याला म्हणालो, "आधी नवा नीट बघून घ्या." तो म्हणाला, "होऊन जाईल," आणि त्यानं जुन्या भांड्यावर घण घातला. आमच्या घराचा एक जुना, निष्ठावंत सेवक क्षणात ठिकऱ्या होऊन पडला. मग प्लंबरनं नव्या कमोडचं वेष्टण सोडलं, त्याला मागून पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा मागून पाहिलं.

"याची तोटी मागं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे हा भिंतीतून बाहेर जाणारा आहे. तुमचा पाइप जमिनीत आहे."

"मग?"

प्लंबरनं मागच्या भिंतीवर थापटून पाहिलं. "होऊन जाईल. इथं एक भोक पाडू."

"कुठं भोक?" असा आवाज दारातून आला. ठोकाठोक ऐकून नाना आले होते. "त्या भिंतीपलीकडे माझा गॅस आहे! माझी बायको तिथं भाजी चिरतीये!"

मी इतक्या कमोडांवर बसलो, इतक्या कडा मोजल्या, पण एकाचंही पाणी पुढं कुठं जातं हे कोणालाच विचारलं नव्हतं. पाणीपुरवठा कार्यालयात मी काम करतो, पाणी येण्याची खडान्‌खडा माहिती मला आहे. जाण्याचं खातं वेगळं आहे.

आता घरात जुना नव्हता आणि नवा बसत नव्हता. मधोमध एक भोक होतं आणि त्याभोवती आम्ही चौघं खाली बघत उभे होतो. बायको ठिकऱ्या गोळा करू लागली. ती अशी आवरायला लागली की मला फार भीती वाटते.

मी नवा कमोड घेऊन पुन्हा दुकानात. "अहो, याची तोटी मागं आहे हे तुम्ही सांगितलं का नाही?"

दुकानदारानं चेहऱ्यावरची रेषही न हलवता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

मी खाली मान घातली. त्या लालबुंद गृहस्थांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ते पुन्हा कधी खिडकीशी आले तर त्यांना मी चहा पाजणार आहे.

"खाली तोटी असलेला दाखवा," मी म्हणालो. "पांढरा."

"खालचे सगळे संपलेत. नवे पुढच्या आठवड्यात."

"एकही नाही?"

त्यानं दुकानाच्या दर्शनी काचेकडे बोट दाखवलं. तिथं, रस्त्याकडे तोंड करून, पिस्ता रंगाचा एक कमोड शोभेला ठेवला होता. त्यात प्लास्टिकची सूर्यफुलं लावलेली होती.

"याची तोटी खाली?" मी विचारलं. "नक्की? तुम्ही स्वतः बघितलीय? मला दाखवा." जिभेवर प्रश्नांची रांग लागली, पण घड्याळाकडे नजर गेली आणि रांग मोडली. आम्ही दोघांनी तो आडवा करून खालून पाहिला. तोटी खाली होती. फुलं काढून ठेवू का, असं दुकानदारानं विचारलं. मी म्हणालो, राहू द्या, वेळ नाही.

टेम्पोत पुढं जागा नव्हती. मागं उभा राहून, सूर्यफुलांच्या कमोडला मिठी मारून मी भर रस्त्यातून घरी आलो. सिग्नलला शेजारी आमच्या वरिष्ठांची गाडी थांबली. त्यांनी काच खाली केली. मी रजेच्या अर्जावर कारण "तातडीचे घरगुती काम" असं लिहिलं होतं. त्यांनी मला पाहिलं, कमोडला पाहिलं, फुलांना पाहिलं आणि आदबीनं काच पुन्हा वर केली.

घरी पोचलो तर दारात सचिव उभे. "तुमचा अर्ज विचाराधीन आहे. परवानगी मिळाल्याशिवाय काम थांबवा."

"अहो, भोक पडलंय! आता काय थांबवायचं?"

"नियमात बसत नाही."

हा सगळा प्रकार ऐकून खालून बाई काठी टेकत वर आल्या. त्यांनी सचिवांकडे चष्म्यावरून पाहिलं. "काय रे, चौथीत तू वर्गात दोनदा 'बाई, जाऊ का?' म्हणून विचारायचास आणि मी तुला जाऊ द्यायचे. द्यायचे की नाही?"

सचिवांचा चेहरा एकदम हाफ पँटीतला झाला. "हो, बाई."

"मग या घरातल्या म्हाताऱ्या बाईला जाऊ दे. उद्या परवानगीचा कागद घेऊन ये. सुवाच्य अक्षरात."

"हो, बाई," म्हणून सचिव गेले. नियमांच्या वर समिती असते आणि समितीच्या वर चौथीच्या बाई असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळपर्यंत कमोड बसला. सिमेंट ओलं होतं पण तोटी पाइपात चपखल गेली होती, पाणी सुटत होतं, झाकण मात्र याचं धाडकन आपटायचं. प्लंबर सामान आवरून गेला. मी समाधानानं संडासाचं दार लावायला गेलो.

दार लागेना.

काम चालू असताना ते आत, भिंतीला टेकवून उघडं ठेवलेलं होतं. आता ते ओढलं की अर्ध्या वाटेत पिस्ता रंगाच्या कपाळावर आपटे आणि थांबे. दार आत उघडणारं, आत जागा जेमतेम, आणि कमोड नेमका दाराच्या वाटेत. पूर्वीचं भांडं जमिनीत असल्यानं दार त्याच्यावरून सुखानं फिरायचं. कमोड उंच असतो. तो किती उंच असतो हे मला बोटाच्या पेरापर्यंत माहीत होतं. सगळ्या इमारतीतल्या उंच्या मला तोंडपाठ होत्या. फक्त आमच्या दाराला मी काही विचारलं नव्हतं.

आमचा संडास बैठकीच्या खोलीत उघडतो. म्हणजे आता सोफ्यावर बसलेल्या माणसाला समोर टीव्ही आणि उजव्या हाताला सिंहासन, असं दृश्य कायमचं झालं.

मी भिंतीशी खाली बसलो. मला रडू येत होतं आणि ते मी बायकोपासून लपवलंही नाही. "आईनं पहिल्यांदा काही मागितलं," मी म्हणालो. "उद्या दादा येईल, हे बघेल आणि तिला घेऊन जाईल. तो चूकही नाही. असं उघड्यावर कसं आणायचं तिला?"

बायको माझ्याशेजारी बसली. "अहो, दार आत जात नाही ना? मग बाहेर उघडणारं करू."

"असं करतात? चौकटीला चालेल? कोणाला तरी विचारायला..."

"कोणालाही विचारायचं नाही," बायको म्हणाली आणि उठून तिनं सुताराला फोन लावला. मी तिला आजवर बरंच काही म्हणालो असेन, त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथं मनातल्या मनात परत घेतलं.

सुतार सकाळी येतो म्हणाला होता आणि सुतारांच्या सकाळीला आला. तोवर आम्ही नानांच्या घरी ये-जा करत होतो. त्यांच्या कमोडशी माझी जुनी ओळख होतीच. दार उतरवलं, बिजागऱ्या खोलल्या, आतल्या बाजूच्या बाहेर घ्यायच्या, चौकट तासायची, असं काम रंगात आलं होतं आणि खाली गाडीचा हॉर्न वाजला.

आई वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत आत आली. मागं दादा, हातात तिची पिशवी. आईला पाहून माझ्या सगळ्या चिंता क्षणभर विरघळल्या. ती बारीक झाली होती, पण सरळ चालत होती. कित्येक वर्षांत तिला मी सरळ चालताना पाहिलं नव्हतं.

दादानं खोली पाहिली. जमिनीवर भुसा, भिंतीला टेकलेलं दार, चौकटीत बसलेला सुतार आणि त्याच्यामागं पिस्ता. "ही तयारी?" तो म्हणाला. "आई, चल. आपण माझ्याकडे जाऊ."

"दादा, थोडा वेळ..."

"अरे, वेळ असतो का या वयात? तिनं सकाळपासून धरून ठेवलंय. हॉस्पिटलातल्या संडासात जायलाच तयार नव्हती. म्हणे, आता घरीच जाईन."

आई वॉकरवर दोन्ही हात ठेवून उभी होती. "मला जायचंय," ती शांतपणे म्हणाली. "आत्ता."

दादाचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, हे त्यालाही आठवलं असावं. त्यानं पिशवी खाली ठेवली. मग मी, बायको, दादा, सगळ्यांनी मिळून दार उचललं. सुतार स्क्रू पिळत होता. नाना आले, त्यांनी खालून आधार दिला. बाई आल्या आणि "डावीकडे, जरा डावीकडे" असं सांगू लागल्या. सचिव कागद घेऊन आले आणि कागद तोंडात धरून त्यांनीही एक कोपरा पकडला. दादाच्या महागड्या शर्टावर भुसा पडत होता. एक बिजागरी बसली. दुसरी बसली. तिसरी बसताना सुतार म्हणाला, "कडी नंतर लावतो." बायकोनं दार बाहेर ओढलं. ते कुरकुरलं आणि उघडलं. पूर्ण उघडलं.

आई आत गेली. बायकोनं दार लावलं आणि कडीच्या जागी स्वतःची पाठ लावून उभी राहिली.

कोणी कोणाकडे बघत नव्हतं. नाना छताकडे, दादा बुटांकडे, सचिव आपल्याच कागदाकडे. माझ्या मनात मात्र प्रश्नांनी थैमान मांडलं होतं. सिमेंट वाळलं असेल का? उंची बरी असेल का? हाताला धरायला काही आहे का? मी एवढं विचारलं, तेवढं विचारलं, हे का नाही विचारलं?

मग आतून पाण्याचा मोठा, भरघोस, निःशंक आवाज आला. त्यापाठोपाठ झाकण धाडकन आपटलं.

माझा जीव भांड्यात पडला. कुठल्या भांड्यात ते सांगायला नको. नानांनी टाळीसाठी उचललेले हात वेळीच मागे घेतले. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

आई बाहेर आली. खुर्चीत बसली. सगळ्यांकडे बघून म्हणाली, "उंची झकास आहे. आणि दार बाहेर उघडणारं केलंत हे फार शहाणपणाचं. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या बाई म्हणत होत्या, असंच हवं. आत कोणी पडलं तर बाहेरच्यांना दार उघडता येतं. रंग कोणी निवडला?"

"मी," मी म्हणालो.

"छान आहे. चष्मा नसला तरी दिसतो."

मंडळी पांगली. दादा चहाला थांबला. मी आईच्या पायाशी बसलो, आणि जो प्रश्न आदल्या दिवशी फोनवर विचारायचा राहिला होता तो आत्ता कुठे मला आठवला. "आई, डॉक्टर म्हणाले घरी सगळी सोय झालीय म्हणे. त्यांना कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"पण झाली नव्हती!"

"मग? वेळ दिला असता तर झाली असती?" आई म्हणाली. "खालच्या बाई मला रोज फोनवर सांगायच्या, आज अमक्याकडे बसला, आज तमक्याकडे बसला. म्हटलं, हा अख्ख्या गावाचे कमोड झिजवील आणि मी तिकडे दादाकडे भिंतींशी बोलत बसेन. डॉक्टरांना म्हटलं, पाय चालतोय, मला सोडा."

बायको एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. दादाही हसला. मी चारचौघांत अपमान झाल्यासारखा चेहरा करून पाहिला, पण तो टिकेना. ती घरी होती. बाकी कशालाही आता महत्त्व नव्हतं.

"आणि दुसऱ्या गुडघ्याचीही तारीख घेऊन आले आहे," आई म्हणाली.

"दुसऱ्या? कधी? मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," आई म्हणाली. "सगळ्या इमारतीला विचारलंस रे. एकदा मला विचारायचंस, काय हवंय म्हणून."

मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आई, तुला आत्ता काय हवंय?"

"चहा," आई म्हणाली. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनं बोट उगारलं. "कसा, किती, साखर किती, ते विचारत बसू नकोस. टाक."

मी उठलो आणि चहा टाकला. घाईत साखर जास्त पडली. आईनं सगळा कप संपवला.